पोकर: हातात काहीच नसताना रिव्हरला (बोर्डवरच्या शेवटच्या, पाचव्या पत्त्याला) ऑल-इन, म्हणजे सगळे पैसे लावले. ब्लफ (हात नसताना असल्याचा आव) चुकला की समोरच्याचा कॉल (तेवढेच पैसे भरून बघणं)?

रिव्हरकर:
नो लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन पत्ते, बोर्डवर पाच सामाईक, बेटला मर्यादा नाही). मी बटणवर (शेवटी खेळायची जागा), हातात इस्पिकची दश्शी-नव्वी, रेझ केला (बेट वाढवली), फक्त बिग ब्लाइंड (आधीच सक्तीची मोठी बेट लावलेला) कॉल करून आला. फ्लॉप (बोर्डवरचे पहिले तीन पत्ते) बदाम राजा, बदाम सत्ती, चौकट तिर्री. पॉट (मध्ये जमलेले पैसे) १००, त्याने चेक केलं (बेट न लावता पुढे), मी ५० लावले, कॉल. टर्नला (चौथ्या पत्त्याला) किलवर दुर्री, परत चेक, मी १००, परत कॉल. रिव्हरला बदाम चव्वी पडली म्हणजे बोर्डवर तीन बदाम, त्याने चेक केलं, पॉट ४०० आणि माझ्यासमोर पण तेवढेच उरलेले, ढकलले सगळे. पठ्ठ्याने खूप वेळ घेतला आणि किलवरचा राजा-दश्शी दाखवून कॉल मारला. एका जोडीवर!! माझ्या मते ब्लफ बरोबर होता, फ्लॉपपासून मी फ्लशच्या (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांच्या) मागे असल्यासारखाच खेळलो ना, मग त्याने फोल्ड करायला (पत्ते टाकायला) नको होतं का? कमजोर पत्त्यांवर ब्लफ करायचा तरी कधी मग?

चेककॉल:
त्याने फोल्ड करायला हवं होतं हे तू ठरवणार का 😀 दोन वेळा कॉल करून आलेला माणूस राजा घेऊन बसलाय हे दिसतच होतं. काही लोक टॉप पेअर (बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी) सोडतच नाहीत, त्यांच्यासमोर ब्लफ करायचाच नाही, चांगला हात आला की मोठं लावायचं आणि पैसे घ्यायचे. विषय संपला.

बटणबहाद्दर:
इतका पण सोपा नाहीये विषय. रिव्हरची गोष्ट त्याची जुळते, फ्लश ड्रॉ (फ्लशला एक पत्ता कमी) घेऊन खेळणारा असंच खेळेल. गडबड टर्नला आहे. राजा-सत्ती-तिर्रीवर दश्शी-नव्वी म्हणजे आत्ता काही नाही, पण अठ्ठी किंवा गुलाम आला असता तर सीक्वेन्सला (ओळीने पाच पत्ते) उपयोगी असे प्रत्येकी आठ पत्ते मिळाले असते (गुलामावर राणी चालते आणि अठ्ठी पण चालते, बोर्डवर सत्ती आहे म्हणून), राणी किंवा छक्की आली तरी चार. तेव्हा दुसरी बेट मारायला अर्थ आहे, कारण तो फोल्ड झाला तर पॉट तुझा आणि कॉल केला तरी आठ पत्त्यांवर रिव्हरला १७ टक्के चान्स उरतो. यालाच सेमी-ब्लफ म्हणतात. दुर्रीने तुला काय दिलं? काहीच नाही. आणि जो राजा फ्लॉपला कॉल करतो तो दुर्रीला घाबरून थोडीच पळणार. तिथे चेक करून सोडून द्यायचं होतं, ५० गेले तर गेले.

इस्पिकराणी:
टर्नचं पटलं. पण मला रिव्हरला पत्त्यांची निवड जास्त खटकली. तुझ्या हातात एकही बदाम नाही. बोर्डवर तीन बदाम गेले, बाहेर दहा उरले, त्यातून दोन बदामांच्या ४५ जोड्या बनतात. हेच तुझ्याकडे बदामचा एक्का आणि दुसरा कुठलाही फालतू पत्ता असता तर बाहेर नऊच, जोड्या ३६, आणि सगळ्यात मोठा फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाही. त्याच्याकडे लहान फ्लश असला तरी त्याला घाम फुटणार. म्हणजे तीच बेट, तीच गोष्ट, पण एक्क्यासोबत कितीतरी चांगला ब्लफ. लोक ब्लफ करताना स्वतःचा हात किती वाईट आहे एवढंच बघतात, आपल्या पत्त्यांमुळे समोरच्याकडे काय असू शकत नाही हे कोणी बघतच नाही.

रिव्हरकर:
एक्क्याचं डोक्यातच आलं नव्हतं, भारी. पण मग साइझ? ४०० च्या ऐवजी २०० लावले असते तर स्वस्तात पडलं असतं ना.

इस्पिकराणी:
स्वस्त पडलं असतं, पण कॉल पण जास्त आले असते. ४०० च्या पॉटमध्ये ४०० लावलेस तर दोनातून एकदा तरी तो फोल्ड व्हायला पाहिजे, नाहीतर तोटा. २०० लावलेस तर तीनातून एकदा पुरे. पण राजावाला २०० ला बघतोच, त्यामुळे अर्ध्या पॉटने सत्ती किंवा मधल्या जोड्याच जातील. राजा घालवायचा असेल तर मोठंच लावावं लागतं. म्हणून आधी ठरव की नक्की कुठला हात फोल्ड करवायचाय, आकडा मग आपोआप सुचतो.

चेककॉल:
आणि तो माणूस राजा सोडतच नसेल तर ४०० काय आणि ४००० काय 😂 त्याच्यासमोर हा सगळा हिशोब बाजूला ठेवा हो.

बटणबहाद्दर:
बरोबर, ते अनोळखी किंवा विचार करणाऱ्या खेळाडूसाठी आहे. तिथे उलटं पण असतं, पॉटएवढी बेट मारतोस तेव्हा त्याला ४०० देऊन ८०० मिळणार, म्हणून साधारण दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ ठेवला की त्याला कॉल करू का फोल्ड करू कळत नाही. त्याहून जास्त ब्लफ केलेस की तो डोळे मिटून बघणार. आणि हो, हे सगळं एकच जण समोर असताना. तिघं असले आणि प्रत्येक जण ६० टक्के वेळा फोल्ड करत असला तरी तिघंही एकदम जायची शक्यता २२ टक्क्यांच्या आसपास, तिथे नुसत्या हवेवर ब्लफ नकोच.

रिव्हरकर, एक सांग, आधीच्या हातांत त्याने जोडी घेऊन मोठी बेट बघितलेली तू पाहिली होतीस का? पाहिली असशील तर चेककॉलचंच खरं.