सल्ला हवा: तीन खेळाडूंच्या पार्टीत सोबतचे गडी कसे चालवायचे?

धुऱ्यावरचा_डीएम (दारव्हा तालुका, यवतमाळ)

राजेहो, सल्ला पाहिजे.

आम्ही गावात डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर मोहिमेची गोष्ट खेळायची. पाचवी आवृत्ती, २०१४ची. दीड वर्ष झालं, डीएम (गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा) मीच. आधी पाच जण होते, आता तीन उरले. एक पुण्याला कामाला लागला, एकीचं लग्न होऊन ती वाशीमकडे गेली. त्यात हरभऱ्याच्या दिवसांत रात्रीच्या लाईनचा आठवडा आला की तिघांतला एक ओलितावर असतो. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, लेव्हल ४ची (चौथ्या पायरीची) आहे: फायटर (लढवय्या), रोग (चोर), विझार्ड (जादूगार). जखम बरी करणारं कोणी नाही. म्हणून मी सोबतीला माणसं दिली. एक मशालजी, दोन भालेवाले, एक वाटाड्या आणि देवळातली एक शिकाऊ पुजारीण. पाच झाले.

तिथून खेळ बिघडला. तीन खेळाडूंची पाळी पाच मिनिटांत होते, मग पाच गडी आणि आठ गॉब्लिन राक्षस यांचे फासे मी एकटाच टाकत बसतो. तोवर पोरं मोबाइल काढतात.

पण मला लागली ती दुसरीच गोष्ट. नकाशा आम्ही छपरीत फरशीवर खडूने काढतो. खेळाडूंचे चिंचोके, गड्यांची सरकी. मागच्या शनिवारी फायटरने एका भालेवाल्याला दार उघडायला पुढे केलं. दारात सापळा होता, तो मेला. मी सरकी उचलून बाजूला ठेवली. पुढच्या खोलीत गेल्यावर तिघंही विचारतात, "भालेवाले दोन होते ना, एकच कसा दिसते?" माणूस मेला हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

तर किती गडी ठेवावे, फासे कोणी टाकावे, आणि माणूस पुढे ढकलून मारायची ही सवय कशी मोडावी? नियम कोणते वापरता तेही सांगा.

वरुडची_संत्री

पाच फार होतात भाऊ. दोन ठेवा.

पुजारीण सोडू नका. नियमपुस्तकातली साधी अ‍ॅकोलाइट घेतली असेल तर तिच्याकडे पहिल्या लेव्हलचे तीन स्लॉट, म्हणजे तीनदा मंत्र टाकायची सोय आहे आणि जखम भरायचा मंत्रही आहे. तुमच्या पार्टीला नेमकं तेच कमी आहे. तिला साइडकिक करा, म्हणजे पार्टीसोबत लेव्हल वाढणारी जोडीदार. २०२०च्या ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुस्तकात साइडकिकचे तीन प्रकार दिलेत: एक्स्पर्ट, स्पेलकास्टर आणि वॉरियर. चॅलेंज रेटिंग (जीव किती भारी त्याचा आकडा) अर्धा किंवा त्याखालचा कोणताही जीव चालतो, अ‍ॅकोलाइट पाव आहे. तिची लेव्हल पार्टीच्या सरासरीइतकी, म्हणजे आत्ता ४. सरासरी वाढली की तिचीही वाढते, एक्सपीचा (अनुभवाच्या गुणांचा) वेगळा हिशोब नाही.

फासे खेळाडूला टाकू द्या. पुजारीण विझार्डवाल्याकडे, दुसरा गडी फायटरवाल्याकडे. तुम्ही फक्त राक्षस सांभाळा. आमच्या टेबलावर एवढ्यानेच लढाईचा वेळ निम्म्यावर आला.

जुना_फासा (उमरेड)

संत्रीताईंचं फाशांबद्दल पटलं, आकड्याबद्दल नाही. पाच गडी म्हणजे गर्दी हे आजच्या नियमांमुळे वाटतं. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा भाड्याची माणसं त्याचा कणाच होती. करिश्मा या गुणाचं मुख्य काम तेच, तुमच्यामागे किती जण येतील आणि किती टिकतील.

मी अजून १९८१च्या बेसिक नियमांनी खेळवतो. त्यात करिश्मा ९ ते १२ असेल तर जास्तीत जास्त चार गडी, त्यांचं मोराल, म्हणजे धीर, ७. करिश्मा १८ असेल तर सात गडी, मोराल १०. संकट आलं की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरीज मोरालच्या वर गेली की गडी पळाला. बस. एका फेकीत कळतं. आणि गड्याला एक्सपी अर्धा वाटा.

तुमच्या आवृत्तीतही हे उचलून लावता येतं. गडी लढाईत हल्ला करतच नाहीत असं ठरवा. मशाल धरतील, जखमी ओढतील, खेचरं सांभाळतील, दोर धरतील. पाळीच नाही तर वेळ कशाला लागेल? मग पाच काय, आठ ठेवा. पण त्यांना जेवायला घालावं लागेल, ते मात्र काटेकोर मोजा. शिधा माणशी दिवसाला ५ चांदीची नाणी. आपल्याकडे फौजेमागच्या या माणसांना बुणगे म्हणत. १७६१ला पानिपतावर लढणाऱ्यांइतकीच खाणाऱ्या तोंडांची काळजी होती, आणि उपाशी फौजेचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अशी मोहीम एकदा खेळवून पाहा, पोरं शिध्याची पोती स्वतः मोजायला लागतील.

धुऱ्यावरचा_डीएम

दादा, मोरालची फेक आवडली. पण गडी पळाला तर पोरं म्हणतील गेला तर गेला, दुसरा आणू. माझी खरी अडचण तीच आहे.

सालदाराचा_पोरगा (हिंगणघाटकडचा)

मी इथं नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

माझे वडील बावीस वर्षं सालदार होते. दर पाडव्याला साल ठरायचं. रक्कम किती, त्यातली उचल किती, ज्वारी किती पायल्या, कपड्याचे जोड किती, पोळ्याला काय. हे सगळं मालकाच्या ओसरीवर बसून, दोन माणसांसमोर. आणि अजून एक गोष्ट ठरायची, ती बाहेरच्याला माहीत नसते: कोणतं काम *नाही*. वडील म्हणायचे, "वखरन, डवरन, जागल, सारं करीन. फवारा मारनार नाई." त्यांच्या एका सोबत्याला फवारणीत विषबाधा झाली होती. एका साली मालकाने फवारणीचा पंप पुढे केला. वडिलांनी तो धुऱ्यावर ठेवला, बैल सोडले, गोठ्यात नेऊन बांधले आणि मग घरी आले. भांडण नाही, आवाज नाही. चार दिवस त्या वावरात काम झालं नाही. पाचव्या दिवशी मालक आमच्या दारात आला.

तुझ्या टेबलावर हे साल ठरवणंच झालेलं नाही भाऊ. तू गडी फुकट दिले. सरकी मुठीतून टाकली, तशीच त्यांनी खर्च केली.

पुढच्या वेळी लढाई ठेवू नको. अर्धा तास नुसती माणसं ठरवायला ठेव. खेळाडूंना गावात जाऊन विचारू दे. प्रत्येक गड्याचं तू तीन ओळीत लिहून आण: नाव, त्याला पैसे कशासाठी पाहिजेत, आणि कोणतं काम तो करणार नाही. मजुरी पुस्तकात दिली आहे, साध्या मजुराला दिवसाला २ चांदीची, कसबी माणसाला २ सोन्याची. दहा चांदीचं एक सोन्याचं, म्हणजे कसबाचा भाव दहापट. भाला धरणारा कसबीच धर. त्यांना घासाघीस करू दे. ज्याच्याशी घासाघीस केली त्याचं नाव माणूस विसरत नाही.

मग निष्ठेचा आकडा. २०१४च्या डीएमच्या पुस्तकात तो ऐच्छिक नियम आहे. पार्टीत ज्याचा करिश्मा सगळ्यात जास्त, तेवढी निष्ठेची कमाल मर्यादा, आणि सुरुवात तिच्या निम्म्यावर. तुमच्या रोगचा करिश्मा १४ असेल तर गडी ७ वर सुरू होतो. चांगलं वागवलं, जीव वाचवला, त्याचं काम केलं की चार बाजूंचा एक फासा टाकून वाढव. स्वतःच्या फायद्यासाठी धोक्यात घातलं की तसे दोन फासे टाकून कमी कर. ७ मधून सरासरी ५ गेले तर राहिले २. एकदा सापळ्यावर ढकलला की माणूस जवळजवळ गेलाच. १० च्या वर असला तर तो तुमच्यासाठी जीव धोक्यात घालेल. शून्यावर आला की तुमचा राहिला नाही. हा आकडा त्यांना दाखवू नको. चेहऱ्यावर दाखव.

आणि एक. हे सगळ्या गड्यांच्या समोर घडते. एकाला ढकललं की बाकीच्यांचाही आकडा उतरव. गावात गोष्ट लपत नाही.

मंडईची_ताई (लाखांदूर, भंडारा)

वरचं वाचून डोळ्यात पाणी आलं दादा.

माझी भर छोटी आहे. आमच्याकडे भाऊबीजेपासून मंडई आणि झाडीपट्टीची नाटकं. लहानपणापासून रात्र रात्र बसून पाहिलीत. त्यात दोन प्रवेशांचा नोकर असतो, पण सकाळी घरी जाताना आम्ही पोरं त्याचीच नक्कल करत जायचो. कारण त्याला एक चाल दिलेली असायची आणि तो एकच गोष्ट परत परत मागायचा. डीएमभाऊ, पाच आवाज काढत बसू नका. मशालजीला खांदा खाली पाडून बसू द्या, आणि दर खोलीत विचारू द्या, "तेल पुरन ना?" एवढं पुरतं.

गडी बोलायचं तुमच्याकडे ठेवा, फासे खेळाडूकडे. दोन गडी आपसात बोलतील असा प्रसंग मात्र टाळा. डीएम स्वतःशीच बोलत बसला की बाकीच्यांना करायला काही उरत नाही.

जुना_फासा

सालदाराच्या पोरा, मी आठ गडी म्हटलं ते मागे घेतो. आधी दोन, त्यांचं साल नीट ठरलं की मग तिसरा.

धुऱ्यावरचा_डीएम

शनिवारी खेळलो, ते सांगतो.

दोनच ठेवले. पुजारीण साइडकिक केली, फासे विझार्डवाल्याकडे. मशालजीला तशी लेव्हल नाही, तो जुन्या दादांच्या पद्धतीने, हल्ला नाही, फक्त मोराल. बाकीचे दोघे हिशोब मागून गावी गेले. जाताना वाटाड्याने मेलेल्या भालेवाल्याची मजुरी मागितली, त्याच्या बायकोला द्यायला. छपरीत कोणी बोललं नाही. मग फायटरवाल्याने विचारलं, "त्याचं नाव काय होतं?" मी रामजी सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं आणि २० सोन्याची नाणी दिली. मी मागितली होती ८.

ठरवण्यात अर्ध्याऐवजी सव्वा तास गेला. मशालजीची अट: तळघरात दुसऱ्या जिन्याखाली उतरणार नाही. पोरांनी मान्य केली, आणि मग नेमकं तिसऱ्या मजल्याचं दार सापडलं. फायटर म्हणाला दुप्पट देतो. मशालजी जिन्यावर खांदा पाडून बसला, म्हणाला तेल आहे, पण मी नाही येत. जबरदस्ती कोणी केली नाही. मशाल रोगने घेतली. खाली पहिल्याच कोपऱ्यावर तिच्या ध्यानात आलं की धनुष्याला दोन हात लागतात. मग मशाल फायटरकडे, त्याची ढाल पाठीवर, एसी (बचावाचा आकडा) दोनने खाली. त्या खोलीत चार सांगाडे होते आणि पुजारिणीचे तिन्ही मंत्र संपले. वर आल्यावर मशालजी जागेवरच होता. त्याला पाहून पोरं ओरडली.

संत्रीताई, लढाई चाळीस मिनिटांत झाली. मोबाइल एकदाही निघाला नाही.

एक राहिलं. पुढच्या आठवड्यात रात्रीची लाईन आहे, रोगवाली वावरात असेल. तिच्या कॅरेक्टरचं काय करू? गडी म्हणून सोबत चालवू का?

वरुडची_संत्री

तिचं कॅरेक्टर दुसऱ्याच्या हाती देऊ नका, तिला आवडणार नाही. रोग वर तळावर थांबली म्हणा, आणि तिला मशालजी द्या, फोनवर. स्प्रिंकलरचे पाइप बदलायच्या मधे तास-दोन तास मोकळेच असतात. त्याला फासे नाहीत, नकाशा पाहायची गरज नाही. मोराल तुम्ही टाका आणि फक्त तिला विचारा, येतो का थांबतो.

धुऱ्यावरचा_डीएम

हे जमते. वावरात रेंज विहिरीजवळच आहे, तिला आजच सांगतो.