मुक्त ट्रेड असलेल्या गेममध्ये ड्रॉप रेट खेळणाऱ्यासाठी नसतो, बाजारासाठी असतो

रातकिडा:
पाथ ऑफ एक्झाइल या मॉन्स्टर मारून वस्तू गोळा करायच्या ऑनलाइन गेमवरून ग्रुपमध्ये बोलणं चाललं होतं, त्यात एकाने लिहिलं की ड्रॉप रेट (मॉन्स्टर मारल्यावर वस्तू पडायची शक्यता) कमी आहे म्हणूनच वस्तूला किंमत आहे, आणि ट्रेड, म्हणजे खेळाडूंनी आपसात वस्तू विकणं, उघडा आहे ना, मग रडता कशाला. मला हे अजिबात पटत नाही, आणि तिथे दोन ओळीत सांगता येईना म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं असं. एकट्याने खेळायच्या गेममध्ये ड्रॉप रेट ठरवताना बनवणारा एका माणसाचा विचार करतो, म्हणजे हा इतके तास खेळला तर याला काय मिळायला हवं. मुक्त ट्रेड आला की तो हिशोब मोडतो. समजा एखादी तलवार दहा हजार मॉन्स्टरमागे एक पडते. तुझ्यासाठी ती दुर्मिळच. पण एक लाख लोक रोज दोन-दोन हजार मॉन्स्टर मारत असतील तर रोज वीस हजार तलवारी एकाच बाजारात येणार, आठवड्यात तिला कुत्रं विचारणार नाही. मग कंपनी काय करते, रेट खाली ओढते, दहा हजारात एकचं दहा लाखात एक करते. बाजार सावरतो, पण जो माणूस रात्री जेवून बसतो आणि स्वतः मारून मिळवायचं म्हणतो त्याला महिनोन्महिने काही दिसत नाही.

डायब्लो ३ या तशाच गेममध्ये हे सगळ्यांनी बघितलंय. १५ मे २०१२ ला गेम आला, गोल्डचं (गेममधल्या पैशाचं) ऑक्शन हाउस, म्हणजे खेळाडूंचा वस्तू विकायचा बाजार, सोबतच, आणि १२ जूनला खऱ्या पैशाचं. इन्फर्नो या सगळ्यात अवघड पातळीवर टिकायचं तर गिअर (शस्त्रं, चिलखत) ऑक्शन हाउसमधूनच घ्यायला लागायचा, कारण दिवसभर फार्म करून, म्हणजे तेच ते मॉन्स्टर मारून, जे पडायचं त्याच्यापेक्षा चांगलं तिथे किरकोळ गोल्डमध्ये पडलेलं असायचं. मग मॉन्स्टर मारायचेच कशाला? गेमचा डायरेक्टर जे विल्सन स्वतः २०१३ च्या जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत म्हणाला की ऑक्शन हाउसने गेमचं नुकसान केलं. १८ मार्च २०१४ ला दोन्ही बंद केली, त्याच्या आधी फेब्रुवारीत लूट २.० हा ड्रॉपची पद्धत बदलणारा पॅच आणला, आणि तिथून तो गेम परत खेळण्यासारखा झाला.

मी ट्रेड बंद करा म्हणत नाहीये. ज्याला ट्रेड नको त्याला वेगळा ड्रॉप रेट द्या, एवढंच म्हणणं आहे.

चिलखत:
डायब्लो ३ चं उदाहरण सगळे देतात आणि सगळे अर्धंच देतात. तेव्हाची लूटच भिकार होती रे. बार्बेरियनची कुऱ्हाड पडायची आणि तिच्यावर इंटेलिजन्स, जे जादूगाराच्या कामाचं. लेजेंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ वस्तू, पडलं तर साध्या पिवळ्या वस्तूपेक्षा वाईट. लूट २.० ने काय केलं, तू ज्या क्लासने खेळतोस त्याच्या कामाचंच जास्त पडायला लागलं आणि लेजेंडरींना खेळायची पद्धत बदलणारे गुण दिले. हे ऑक्शन हाउस चालू ठेवूनही करता आलं असतं. दोन्ही गोष्टी महिन्याभराच्या आत झाल्या म्हणून लोक श्रेय ऑक्शन हाउस बंद करण्याला देतात.

आणि डायब्लो २ चं काय? २००० सालचा गेम, ड्रॉप रेट क्रूर, झोड रून ही सगळ्यात दुर्मिळ वस्तूंपैकी एक आयुष्यात न बघितलेले लोक मला माहीत आहेत, तरी वीस वर्षं लोक खेळले आणि त्यातली अर्धी मजा ट्रेडची होती.

माझ्यासारख्याचा मुद्दा सांगतो. नोकरी, घरी लहान मूल, दिवसाला तास-दीड तास. ट्रेड असला की मला पडलेली कुठलीही चांगली वस्तू माझ्या कामाची होते. मी खेळतो बार्बेरियन, पडली जादूगाराची काठी, विकली, त्यातून माझी कुऱ्हाड घेतली. ट्रेड नसेल तर ती काठी कचरा. तू ज्याला बाजारासाठीचा रेट म्हणतोस त्याच बाजारामुळे माझ्या तास-दीड तासाला अर्थ येतो.

आवकजावक:
रातकिडा, तुझं गणित बरोबर आहे पण ते फक्त आवकेचं आहे. लासलगावला आवक वाढली की कांद्याचा भाव पडतो हे खरं, पण कांदा लोक खातात, उरलेला सडतो, म्हणून भाव परत वर येतो. गेममधली तलवार सडत नाही. मी वापरली, कंटाळा आला, तुला विकली, तू पुढे विकली, ती बाजारातच राहिली. खरा आजार रेटचा नाही, वस्तू बाजारातून बाहेर जायला वाटच नसण्याचा आहे. डायब्लो ३ च्या ऑक्शन हाउसमध्ये हेच झालं. वस्तू येत राहिल्या, गेल्या कुठेच नाहीत.

जिथे वाट ठेवली तिथे बाजार चांगला चाललाय. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये वस्तूची किंमत गोल्डमध्ये देत नाहीत, केऑस ऑर्ब, डिव्हाइन ऑर्ब हेच चलन, आणि ते ऑर्ब क्राफ्टिंगला (वस्तू सुधारायला) वापरले की संपतात, म्हणजे चलन स्वतःच जळत राहतं. शिवाय तीन-चार महिन्यांनी नवी लीग, म्हणजे नवा हंगाम, सगळे परत शून्यावर. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये डिसेंबर २०२१ पासून ग्रँड एक्स्चेंज या गेममधल्या बाजारातल्या विक्रीवर १ टक्का टॅक्स लावला आणि त्या पैशातला काही भाग गेम स्वतः बाजारातल्या वस्तू विकत घेऊन नष्ट करायला वापरतो. २०२५ मध्ये तो टॅक्स २ टक्के केला. हे केलं की रेट दहा लाखात एक करायची गरजच राहत नाही.

चिलखत:
+१. आणि डायब्लो २ मध्ये याचं सगळ्यात भारी उदाहरण आहे. तिथे गोल्डला किंमत नव्हती कारण मेलं की जायचं आणि जवळ ठेवायलाही मर्यादा होती, म्हणून लोकांनी आपणहून स्टोन ऑफ जॉर्डन ही अंगठी चलन म्हणून वापरायला सुरुवात केली. मग तिच्या डुप्लिकेट निघाल्या, खोट्या अंगठ्यांचा पूर आला. २००३ च्या १.१० पॅचमध्ये त्यांनी काय केलं, लोकांनी त्या अंगठ्या दुकानदाराला विकल्या की ठरावीक संख्येनंतर एक खास डायब्लो येणार आणि त्याला मारलं की ॲनिहिलस चार्म ही ताकदवान वस्तू मिळणार. लोकांनी आपल्या हाताने ढिगाने अंगठ्या बाजारातून काढून टाकल्या. ड्रॉप रेटला हात न लावता.

रातकिडा:
वाट पाहिजे हे मलाही मान्यच आहे, पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही. पाथ ऑफ एक्झाइलचंच घ्या, तुम्ही दोघं त्याचं कौतुक करताय म्हणून. २०१७ मध्ये त्यांनी सोलो सेल्फ फाउंड (एसएसएफ) अधिकृत मोड म्हणून आणला. ट्रेड नाही, पार्टी नाही, सगळं स्वतः. आणि ड्रॉप रेट? तोच. जो लाखो लोकांच्या बाजाराला पुरेल असा ठरवलेला तोच रेट एकट्या माणसाला. त्याच वर्षी तो गेम बनवणाऱ्या ख्रिस विल्सनने ट्रेडवर लांबलचक जाहीरनामा लिहिला, त्यात सरळ म्हटलंय की ट्रेड फार सोपा केला तर ड्रॉप कमी करावे लागतील. म्हणजे रेट आणि बाजार एकाच दोरीला बांधलेत हे ते स्वतः सांगतात. मग जो बाजारात जातच नाही त्याला त्या दोरीला का बांधता?

मिरजवाला:
कारण एसएसएफचं कॅरेक्टर कधीही ट्रेड लीगमध्ये नेता येतं. तिथे जास्त ड्रॉप दिले तर सगळे तिकडे फार्म करून माल इकडे आणतील.

रातकिडा:
मग ते नेणं बंद करा. ज्याला जास्त ड्रॉप पाहिजेत त्याने परत यायचं नाही. लोक हे आनंदाने घेतील. लास्ट एपॉक या तशाच गेमने करून दाखवलंय, फेब्रुवारी २०२४ ला १.० आलं त्यात दोन गट ठेवले, मर्चंट्स गिल्डमध्ये गेलास तर बाजार, सर्कल ऑफ फॉर्च्युनमध्ये गेलास तर जास्त आणि चांगले ड्रॉप, पण ते बाजारात विकता येत नाहीत. कोणी कोणाचं वाटोळं केलं नाही.

मिरजवाला:
लास्ट एपॉक मी सर्कलमधूनच खेळलोय आणि मजा आली, पण एक गोष्ट बोलायला पाहिजे. अर्धे लोक सर्कलमध्ये गेले की गिल्डवाल्यांच्या बाजारात माल कमी येणार. आधीच तो गेम छोटा, त्यात बाजाराचे दोन तुकडे. दुर्मिळ बिल्ड (कॅरेक्टरची वेगळी मांडणी) खेळणाऱ्याला हवी ती वस्तू लिस्टच झालेली नसते. मोठ्या गेममध्ये चालेल, छोट्यात बाजार मरतो.

गणिताच्या_ताई:
सगळे रेट कमी की जास्त यावर भांडताय पण रेट म्हणजे काय हेच बऱ्याच जणांना नीट माहीत नसतं, आणि तिथेच माणसं दुखावली जातात. १ टक्का ड्रॉप म्हणजे शंभर वेळा बॉस मारला की एकदा मिळणार, असं नसतं. शंभर वेळा मारून ज्यांना एकदाही मिळालेलं नाही असे लोक साधारण ३७ टक्के असतात. तीनशे वेळा मारूनही जवळपास ५ टक्के लोक कोरडेच. शंभरातली पाच माणसं, आणि ती माणसं काही चुकीचं खेळत नसतात. ट्रेड असलेल्या गेममध्ये या पाच जणांना निदान एक दार आहे, बाकीचे ड्रॉप विकून ती वस्तू घेता येते. चिलखत यांचा मुद्दा इथे खरंच वजनदार आहे. ट्रेड काढायचा असेल तर त्या पाच जणांसाठी पिटी ठेवायलाच हवी, म्हणजे अमुक वेळा कोरडं गेलं की शक्यता वाढत जाते किंवा वस्तू हमखास मिळते. रातकिडा, तुम्ही नुसता जास्त रेट मागताय, त्याने सरासरी सुधारेल, शेपटीतली माणसं तिथेच राहतील.

आणि दुसरं, आकडे जाहीर करा. चीनने मे २०१७ पासून नशिबावर निघणाऱ्या पेट्यांची टक्केवारी छापायला लावली, तेव्हा कुठे जगाला कळलं की काउंटर स्ट्राइक या गोळीबाराच्या गेममधल्या अशा पेटीतून (केसमधून) चाकू निघायची शक्यता ०.२६ टक्के आहे. म्हणजे सरासरी चारशेच्या आसपास केस. त्याआधी लोक पैसे भरून अंदाज बांधत होते. पैशाने पेटी उघडायची असेल तर आकडा न सांगणं ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे, यात दुसरी बाजू मला दिसत नाही.

चिलखत:
ताई, काउंटर स्ट्राइकचं निघालंच तर ऑक्टोबर २०२५ बघा. तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने एका अपडेटमध्ये पाच लाल स्किन (शस्त्रांची दुर्मिळ रंगरूपं) देऊन चाकू किंवा ग्लोव्ह्ज घेता येतील असं केलं आणि एका रात्रीत चाकूंचे भाव कोसळले, लाल स्किन वर गेल्या. ज्यांनी चाकू गुंतवणूक म्हणून ठेवले होते ते भाजले. पण साधा खेळणारा ज्याला फक्त एक चाकू पाहिजे होता त्याला फायदाच झाला की. रेट बदलायची ताकद एकाच कंपनीच्या हातात आहे तोवर बाजार कधीच बाजार नसतो, हे तुमच्याही बाजूने जातं आणि माझ्याही.

निळा_बटवा:
सगळे बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्राम, विसरलात. कमी रेट आणि मुक्त ट्रेड एकत्र आले की पैशाने विकणारे येणारच. ज्या वस्तूला सामान्य माणसाला महिना लागतो ती बॉट चोवीस तास चालवून काढतात आणि बाहेरच्या साइटवर विकतात. लीगच्या पहिल्याच आठवड्यात बघा, चॅटमध्ये जाहिराती. रातकिडाचा मुद्दा मी इथून मानतो, वस्तू जितकी अशक्य तितका काळा बाजार मोठा.

चिलखत:
म्हणून तर खऱ्या पैशाचं ऑक्शन हाउस आणलं होतं ना, होणारच आहे तर आपल्या छताखाली होऊ दे म्हणून. एका वस्तूला कमाल २५० डॉलर, तेव्हाच्या दराने १४ हजारांच्या आसपास, पण निदान व्यवहार कंपनीच्या छताखाली होता.

निळा_बटवा:
आणि मे २०१३ मध्ये त्याच छताखाली पॅचमधल्या चुकीने लोकांनी गोल्ड डुप्लिकेट केलं आणि ऑक्शन हाउस बंद ठेवायला लागलं. खरा पैसा जोडलेला असताना अशी चूक झाली की ती गेमची चूक राहत नाही.

रातकिडा:
ताईंचं पिटीचं म्हणणं माझ्या मागणीत घालतो, ट्रेड न करणाऱ्याला जास्त रेट आणि वर पिटी. पण चिलखत, एक सांग. तुझा सगळा मुद्दा पडलेली चांगली वस्तू विकण्यावर उभा आहे. ऑगस्ट २०२२ ला पाथ ऑफ एक्झाइलच्या कलंद्रा लीगमध्ये ड्रॉप इतके खाली गेले की लोक तासन्‌तास मॅप (फार्म करायचे नकाशे) करून हात हलवत परत आले, आणि ज्यांना कळलं की मोजक्या मॉन्स्टरमधूनच लूट फुटते त्यांनी मॅजिक फाइंडवाला, म्हणजे ड्रॉप वाढवणारा गिअर घातलेला, माणूस भाड्याने बोलावून ते मारायला सुरुवात केली. ट्रेड होताच की तेव्हा, पण तास-दीड तासवाल्याकडे विकायला होतं काय? बाजार त्यालाच वाचवतो ज्याच्याकडे आधी काहीतरी पडतं.

चिलखत:
कलंद्रा वाईट होती, त्यावर वाद नाही, तेव्हा मीही लीग अर्ध्यात सोडली. पण तो रेट चुकीचा होता ट्रेडवाल्यांसाठीसुद्धा, एकट्यांसाठीसुद्धा. त्यावरून ट्रेडचा रेट वेगळा आणि एकट्याचा वेगळा हे सिद्ध होत नाही. आणि बघ ना, जुलै २०२४ ला त्यांनी करन्सी एक्स्चेंज, म्हणजे ऑर्बची आपोआप अदलाबदल, आणलं, ऑगस्ट २०२५ ला पाथ ऑफ एक्झाइल २ मध्ये विकणारा ऑफलाइन असला तरी वस्तू घेता येते असं केलं, आधी वीस जणांना व्हिस्पर (खासगी मेसेज) टाकून एकही उत्तर यायचं नाही ते गेलं. फी म्हणून गोल्ड लागतं जे दुसऱ्याला देता येत नाही, म्हणजे तेवढ्यासाठी खेळावंच लागतं. जाहीरनाम्यात जी भीती घातली होती तो सोपा ट्रेड आला आणि मला तरी खेळताना ड्रॉप सुकलेले वाटले नाहीत.

रातकिडा:
तुला वाटले नाहीत कारण तू विकत घेतोस. एसएसएफमध्ये एक लीग पूर्ण खेळ, एकाच बिल्डला लागणारं एक युनिक (ठरावीक गुणांची खास वस्तू) ठरव आणि ते स्वतः काढ. मग बोलू.

गणिताच्या_ताई:
तो खेळेल तेव्हा प्रत्येक बॉसची नोंद ठेवा म्हणावं, किती मारले आणि काय पडलं, दोघांनीही. कंपनी आकडे देत नसेल तर आपणच शीट करू. मी टेम्प्लेट टाकते रविवारी.