मदत हवी आहे : स्कोलिओसिससाठी (कण्याला बाजूला आलेला बाक) बुटातील खास इनसोल उपयोगी पडतात का?

माझी मुलगी १३ वर्षांची आहे. केस धुताना ती पुढे वाकली असता तिचा उजवा खवाटा वर उचललेला दिसला आणि एक्स-रेमध्ये कॉब कोन (कण्याच्या बाकाचे माप) २७ अंश निघाला. वाढ अद्याप बरीच शिल्लक असल्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञांनी ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक आधारपट्टा) सुचवला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रेसच्या चाचणीत वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहण्याचे प्रमाण ब्रेस वापरणाऱ्यांत ७२ टक्के, तर नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत ४८ टक्के होते, त्यामुळे त्यावर माझा विश्वास आहे.

मात्र एका केंद्राने तळव्यांचे ठसे घेऊन, सपाट पाय हेच मूळ कारण ठरवत, ब्रेसऐवजी नऊ हजारांचे इनसोल सुचवले. एक पाय आखूड असल्यास कंबर कलते, कणा वाकतो आणि टाचेखालच्या उंचवट्याने तो सावरतो, हे मला पटते. परंतु हिचे पाय मोजून समान भरले आहेत आणि बसल्यावर, म्हणजे पायांवर भार नसतानाही, बाक तसाच राहतो.

कोणाच्या मुलाने इनसोल वापरले असल्यास पुढच्या एक्स-रेमध्ये कोन खरोखर बदलला का, आणि ब्रेस सोबत चालू होता का, हे कृपया कळवावे.