मदत हवी आहे: पायांना न्यूरोपथी असताना व्यायाम कसा सांभाळता?

नमस्कार मंडळी. मला चार वर्षांपासून पेरिफेरल न्यूरोपथी (हातापायांच्या नसांचा आजार) आहे. दोन्ही तळपाय बधिर, आणि रात्री मात्र नेमकी आग आग होते. मधुमेह नाही, बी१२ आता ठीक आहे. कारण सापडलं नाही, तो विषय सोडून दिलाय.

खरी अडचण व्यायामाची. पूर्वी रोज पाच किलोमीटर चालायचो. गेल्या महिन्यात बुटात छोटा खडा होता, तासभर चाललो तरी कळलं नाही. घरी मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. तेव्हापासून बूट झटकून घालतो, रात्री आरसा धरून तळवे बघतो (बायको म्हणते, चेहरा कधी इतका निरखला नाहीस!). पण चालणं जे सुटलं ते सुटलंच. त्यात प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीने वजन सहा किलो वाढलंय. डॉक्टर म्हणतात, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हवाच. कसा, ते सांगायला त्यांना वेळ नसतो.

स्थिर सायकल की पोहणं? पोहायला आवडेल, पण तलावाकाठच्या ओल्या फरशीवर पाय कुठे पडतोय तेच समजत नाही. तोल सुधारायला एका पायावर उभं राहण्याचा सराव कोणी केलाय का? मी ओटा धरून दहा सेकंद टिकतो, डोळे मिटले की लगेच झोकांडी. फिजिओथेरपिस्टकडे जाणार आहेच, पण ज्यांनी स्वतः हे काढलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. आणि आग वाढलेल्या दिवशी व्यायाम सोडता की थोडा तरी करता?