मदत हवी आहे: फायर सॅलमँडरच्या टाकीत खाली चिखल, वर पालापाचोळा कोरडा

नमस्कार मंडळी, दोन फायर सॅलमँडर (पालीसारखे दिसणारे, काळे-पिवळे उभयचर प्राणी) आहेत माझ्याकडे, त्यांच्यासाठी जरा जंगलासारखी वाटेल अशी टाकी लावतेय आणि मातीपाशी येऊन गाडी अडलीये. दोघं अजून आत सोडलेले नाहीत, साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओल्या टिश्यूवर क्वारंटाइनमध्ये आहेत, गांडुळं व्यवस्थित खातायत, त्यामुळे घाई काहीच नाही, पण एकदा मुळं धरली की टाकी परत उपसायला जिवावर येणार म्हणून आत्ताच विचारून घेते.

टाकी काचेची, ९० बाय ४५ बाय ४५ सेंमी, वर बारीक जाळीचं झाकण. तळाला ड्रेनेजसाठी म्हणजे पाणी निचरायला क्ले बॉल्सचा (भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा) ५ सेंमी थर, त्यावर जाळी, त्यावर साधारण १२ सेंमी माती. माती म्हणजे निम्म्याच्या वर कोकोपीट, बाकी खत न घातलेली साधी माती आणि कोळशाचा चुरा. वर पालापाचोळा, कॉर्कच्या सालीचे दोन मोठे तुकडे, एका कोपऱ्यात स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ). झाडं म्हणजे पोथॉस, नेचे आणि क्रीपिंग फिग.

आता भानगड अशी की पालापाचोळा एका दिवसात कुरकुरीत होतो म्हणून मी रोज फवारा मारते, आणि बोट खुपसून बघितलं तर दोन पेरं खाली माती गच्च, मूठ दाबली की बोटांतून पाणी निथळतं. गंमत म्हणजे काचेतून क्ले बॉल्स बघितले तर ते जवळपास कोरडे! मग तो ड्रेनेजचा थर करतोय काय? जाळीच्या लगेच वर काचेला लागून काळपट पट्टा दिसायला लागलाय, तिथली माती उकरली तर सडक्या अंड्यांचा वास, आणि एका नेच्याचा गड्डा बुडाशी मऊ पडलाय. स्प्रिंगटेल (बुरशी खाणारे बारीक किडे) सोडले होते ते सगळे वर सालीखाली येऊन बसलेत.

एकाने सांगितलं की झाकणाच्या जाळीवर काच टाकून बंदच करून टाक, दमटपणा टिकेल. पण कोंदट हवा यांना चालत नाही असं वाचलंय, शिवाय उन्हाळ्यात खोली २३ अंशांपर्यंत जाते, बंद टाकीत अजून वाढणार. तर झाकण बंद करू का, ड्रेनेज काढून टाकू का, की मातीच बदलू?

प्रतिसाद:
ड्रेनेजला दोष देऊ नका, तो असाच वागतो. ओला स्पंज जाळीवर ठेवला तर थोडं पाणी गळतं आणि थांबतं, बूड ओलंच राहतं, तसंच आहे हे. बारीक माती पाणी धरून ठेवते, खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते सोडतच नाही जोवर माती अगदी तुडुंब भरत नाही, म्हणून तो गच्च पट्टा कायम जाळीच्या वरच बसणार. थर ठेवा, जास्तीचं पाणी साठायला जागा राहते एवढाच त्याचा उपयोग.

खरी गडबड कोकोपीट आणि चुऱ्यात आहे. दोन्ही बारीक, हवेला वाटच नाही, म्हणून तळ कुजतोय. तो काळा भाग पूर्ण काढून टाका, धुऊन परत वापरायच्या फंदात पडू नका. कोकोपीट कमी करा, ऑर्किडच्या कुंडीत घालतात ते झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळशाचे नखाएवढे तुकडे घाला, चुरा नको. वर पालापाचोळा पातळ भुरभुरवू नका, तीनचार बोटं जाड थर द्या, वरची पानं सुकली तरी खालची ओलसर राहतात आणि सॅलमँडर तिथेच घुसून बसतात. आणि रोजचा फवारा बंद! एका टोकाला पाणी ओता, दुसरं टोक जरा कोरडं राहू द्या, कुठे बसायचं ते त्यांना ठरवू दे.

प्रतिसाद:
वरच्याशी सहमत. काच टाकून बंद तर अजिबात करू नका. जाळीचा एक तृतीयांश भाग झाका फार तर. यांना १२ ते १८ अंश मानवतं, २० च्या वर सतत राहिलं की खाणं सोडतात. जाळीतून वाफ जाते तेव्हा टाकी थोडी थंडही होते, उन्हाळ्यात वर छोटा पंखा लावा आणि माती जास्त वेळा तपासा. दिवा एलईडीच, तोही उंच. पाण्याचं भांडं उथळ ठेवा, मोठे फायर सॅलमँडर पोहण्यात अगदीच कच्चे, खोल भांड्यात बुडून मरतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन एक दिवस उघडं ठेवलं की उडतं, क्लोरामाइन (काही ठिकाणी क्लोरीनऐवजी पाण्यात घालतात ते) उडत नाही, त्याला कंडिशनर म्हणजे ते निष्प्रभ करणारं द्रावण लागतं.

मूळ धागाकर्ती:
आता डोक्यात प्रकाश पडला, खूप आभार दोघांचे. म्हणजे माती बदलायची आणि थर तसाच. अजून एक, जंगलातून मॉस आणि पानं आणलेली चालतील का? मॉस तिथला फार सुंदर असतो हो.

प्रतिसाद:
जिथे रानात सॅलमँडर आहेत तिथला मॉस मी तरी आणणार नाही. बीसॅल नावाची बुरशी आहे, नेदरलँड्समधल्या फायर सॅलमँडरची संख्या २०१० पासून धडाधड कोसळली ती तिच्यामुळे, २०१३ मध्ये तिचं नाव ठरलं. कातडीला फोड आणि जखमा होतात, जनावर काही दिवसांत जातं. उलटंही लक्षात ठेवा, तुमच्या टाकीतलं पाणी आणि जुनी माती बाहेर बागेत फेकू नका. पानं उकळून घ्या, मॉस रोपवाटिकेतला घ्या.

नवी माती भरल्यावर लगेच सोडू नका. सुरुवातीला लाकडावर पांढरी बुरशी येईल, तिला घाबरायचं नाही, स्प्रिंगटेल खातात ती. काही आठवड्यांनी खालची माती उकरून बघा, पावसानंतरच्या जमिनीसारखा वास आला आणि स्प्रिंगटेल खालीही दिसले की मग सोडा दोघांना.