परदेशात एक सत्र: नाशिककरांनो, अनुभव सांगा

लेकीची एक्सचेंजसाठी निवड झाली आहे. तिसऱ्या वर्षाचं एक सत्र बर्लिनच्या विद्यापीठात, मग परत इथे येऊन डिग्री पूर्ण करायची. फी इथल्या कॉलेजात भरायची, तिथली माफ. नातेवाईक विचारतात, "म्हणजे तिकडेच सेटल होणार ना?" नाही हो, जायचं आणि यायचं! माहितीपत्रकातले झाडांच्या पिवळ्या पानांचे आणि कॉफीच्या कपांचे फोटो पाहून झाले. ज्यांनी मोठ्या परदेशी शहरात असं सत्र काढलंय, त्यांनी रोजचं सांगा: घर, पैसे, जेवण, आणि परत आल्यावर मार्कांचं काय झालं. शहर कुठलंही चालेल. शाळेतून गेलेल्यांनीही लिहा.
– गंगापूर रोडवरची आई

बर्लिन (इंदिरानगर)
ताई, मी तिथूनच आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बर्लिनमध्ये सगळं पत्त्यावर अडतं. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत ब्युर्गरआम्ट नावाच्या नागरी कार्यालयात नाव नोंदवायचं. त्याला सगळे 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो, आणि पोटभाड्याने खोली देणारे बरेच जण तो द्यायला तयार नसतात. जाहिरातीत 'आनमेल्डुंग होणार नाही' असं दिसलं, की खोली कितीही छान असू दे, सोडून द्या. अपॉइंटमेंट मिळवणं म्हणजे तत्काळचं तिकीट काढायला बसण्यासारखं. सकाळी सकाळी साइट उघडून बसायचं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाचं ऑफिस मिळालं तरी घ्यायचं. कुठल्याही भागातल्या ऑफिसात नोंदणी चालते.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या महिन्याला ९९२ युरो या हिशोबाने पैसे ठेवावे लागतात, म्हणजे वर्षाचे ११,९०४. माझ्या बाबांना आधी ती फीच वाटली होती. पैसे आपलेच असतात, फक्त दर महिन्याला ठरावीक रक्कम हातात येते.

खरी गोम कॅलेंडरची आहे. तिथलं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, परीक्षा त्याच सुमारास किंवा नंतर. तोवर आपलं इथलं पुढचं सत्र निम्मं उरकलेलं असतं. माझी राहिलेली प्रॅक्टिकल्स मॅडमनी वेगळी घेतली म्हणून निभावलं. हे आधी ठरवून घ्या. लर्निंग अग्रीमेंटवर, म्हणजे तिथले कुठले विषय इथे धरणार त्या करारावर, विद्यार्थी, इथलं कॉलेज आणि तिथलं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या जाण्यापूर्वी व्हायला हव्यात. पूर्ण सत्राचे साधारण ३० ईसीटीएस (युरोपातल्या विद्यापीठांची मोजणी) क्रेडिट धरतात. "आल्यावर बघू" म्हणणाऱ्यांना गोड बोलून सही घ्यायला लावा.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी दूध राहिलं तर हाउप्टबानहोफ, म्हणजे मुख्य स्टेशन गाठायचं, तिथली उघडी असतात. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. लोक म्हणतात सवय होते. मला झाली नाही.

लंडन (सिडको)
पहिल्याच आठवड्यात माझी मोहरी तडतडली, फायर अलार्म वाजला आणि अख्खं हॉस्टेल रात्री थंडीत रस्त्यावर, निम्मे पायजम्यात. पुढे त्यातलेच दोघे-तिघे दारावर टकटक करून विचारायचे, आज काय शिजतंय? बाकी सगळं छान. महाग, पण छान.

रॉटरडॅम (पिंपळगाव बसवंत)
आमची द्राक्षबाग आहे आणि मी सप्लाय चेन (माल बागेतून गिऱ्हाइकापर्यंत कसा पोचतो ते) शिकायला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला गेलो, २०२४ च्या फेब्रुवारीत. भारतातली द्राक्षं युरोपात मुख्यतः याच बंदरात उतरतात. गावात सगळ्यांना वाटलं, पोराने ठरवून शहर निवडलं. तसं काही नव्हतं, कॉलेजचा करारच तिथल्या विद्यापीठाशी होता.

पण वर्ष असं निघालं की विचारू नका. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालू होते. सुएझचा रस्ता सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत होती. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर एरवीपेक्षा दोनेक आठवडे उशिरा लागायचा. दिवसा वर्गात सर त्याच मार्गाचे नकाशे दाखवायचे आणि संध्याकाळी बाबांचा फोन: एक्सपोर्टर भाव पाडून मागतोय, म्हणतो जहाजाचं भाडं वाढलंय, माल पोचेपर्यंत देठ सुकतोय. मणी कितीही गोड असू दे, देठ तपकिरी दिसला की तिकडचा खरेदीदार नाक मुरडतो.

हे वर्गात बोललो, तर पुढच्या तासाला सरांनी मलाच पुढे उभं केलं. एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, प्रीकूलिंग म्हणजे तोडलेला माल आधी गार करणं, माल सडू नये म्हणून पेटीत टाकायचे सल्फर डायऑक्साइडचे पॅड, सगळं माझ्या इंग्रजीत सांगितलं. एका मुलीने विचारलं, जहाज लांबलं तर तोटा कोण सोसतं? मी म्हटलं, आमच्याकडे बहुतेक वेळा बाग. त्या एका प्रश्नावर उरलेला तास गेला. ही मुलं सरांना नावाने हाक मारतात, तोंडावर म्हणतात "मला हे पटत नाही". मला नावाने हाक मारणं शेवटपर्यंत जमलं नाही, 'पटत नाही' मात्र शिकलो. इथे येऊन वापरून पाहिलं, फारसं चाललं नाही.

सुपरमार्केटमध्ये ५०० ग्रॅमच्या डब्यांवर 'इंडिया' दिसायचं. डबा उलटा करून लेबल वाचायची सवयच लागली. तिथला भाव बाबांना फोनवर सांगितला नाही, घरी आल्यावर सांगितला. ते म्हणाले, "माहितीये रे." विषय संपला.

मार्क १० पैकी, ५.५ ला पास. ८ म्हणजे फारच झालं. दुपारी गार ब्रेड आणि चीज, त्याला ते जेवण म्हणतात. सायकल जुनी घ्या, कुलूप भारी घ्या.

पॅरिस (कॉलेज रोड)
मार्कांबद्दल ताईंनी विचारलं ते बरं केलं. फ्रान्समध्ये २० पैकी मार्क. १० ला पास, १४ मिळाले की चांगला, १६ च्या वर उत्तम. मला १३ मिळाले तेव्हा तिथले मित्र अभिनंदन करत होते आणि आई फोनवर म्हणाली, "पासष्टच टक्के?" आमच्या कॉलेजनेही तसाच सरळ गुणाकार केला आणि माझी ग्रेड घसरली. मार्क कसे बदलून धरणार, त्याचा तक्ता लेखी मागा. खाण्याची चिंता नको. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये मी होतो तेव्हा ३.३० युरोत पूर्ण जेवण मिळायचं. शाकाहारी असाल तर रोज बटाटा.

गंगापूर रोडवरची आई
पॅरिसवाल्या दादाचं वाचून आजच कॉलेजात जाऊन आले. तक्ता आहे का, विचारलं. म्हणाले, "अजून कोणी मागितला नाही." आता मागितलाय.

टोकियो (पंचवटी)
रेसिडेन्स कार्ड विमानतळावरच हातात मिळालं. मग घर मिळाल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, बर्लिनसारखंच. तिथेच राष्ट्रीय आरोग्य विमा काढला. डॉक्टरच्या बिलातला ३० टक्के भाग आपण भरायचा. नोकरीची वेगळी परवानगी काढली तर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं.

शाकाहारी माणसाची परीक्षा आहे. सूप साधं दिसतं, पण त्यात दाशी असते, म्हणजे बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क. मी घरचा काळा मसाला आणि कुकर यांवर दिवस काढले. कचऱ्याचे वार ठरलेले. बाटली धुवायची, झाकण आणि लेबल वेगळं काढायचं. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी तिथेच राहते, वर चिठ्ठी लागते आणि सगळी गल्ली ती वाचते. मध्यरात्रीच्या सुमारास शेवटची लोकल गेली की पहाटेपर्यंत काही नाही. एवढ्या अवाढव्य शहरात हे मला फार विचित्र वाटलं.

एकटेपणाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझे पहिले दोन महिने वाईट गेले. घरी फोनवर "मस्त चाललंय" सांगायचो. ताई, लेक रोज मस्त म्हणत असेल तर एकदा व्हिडिओ कॉल करून तिच्या जेवणाचं ताट बघा.

साओ पाउलो (नाशिकरोड)
मी दहावीनंतर ब्राझीलला गेले, रोटरी क्लबच्या युथ एक्सचेंजमधून. हे सत्र नसतं, जवळजवळ पूर्ण वर्ष असतं, आणि घरं बदलतात. मधेच दुसऱ्या कुटुंबात जायचं, पुन्हा नवी आई, नवे नियम. पोर्तुगीजचा गंध नव्हता. ती वर्गात कमी आणि स्वयंपाकघरात जास्त आली.

रोज भात आणि राजम्यासारखी उसळ, मला तर घरच्यासारखंच! बुधवारी आणि शनिवारी फेइजोआदा, म्हणजे काळ्या घेवड्याची उसळ, त्यात डुकराचं मांस. माझ्यासाठी काळा घेवडा वेगळा शिजायचा आणि पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं जायचं की ही मांस खात नाही. पाहुणे विचारायचे, चिकनपण नाही? जुलैत तिथे थंडी, त्यामुळे आषाढी स्वेटर घालून. रविवारी पाउलिस्ता हा मुख्य रस्ता गाड्यांना बंद असतो. सगळं शहर चालायला, नाचायला, गाणी म्हणायला रस्त्यावर.

वर्ष गेलं ते गेलंच. परत येऊन अकरावीला बसले, जुन्या मैत्रिणी बारावीत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिथल्या दुसऱ्या आईशी अजून दर आठवड्याला बोलणं होतं. ती २०२७ मध्ये नाशिकला यायचं म्हणतेय. मी सांगितलं, सिंहस्थ असेल, गर्दीचा विचार कर. दोन कोटींच्या शहरातली बाई ती. म्हणाली, "मला फक्त रामकुंडापर्यंत बस कुठली ते सांग."