स्पोर्ट्स कार घेतली तर स्थळांवर, भेटीगाठींवर आणि पुढे संसारावर नेमका काय परिणाम होतो?

दोनदरवाजी
वय ३१, पुणे, नोकरी. चार वर्षं जुनी, दोनच सीटची पेट्रोल स्पोर्ट्स कार बघतोय. किंमत ६५ लाखांच्या आसपास, त्यातलं ४० लाख कर्ज, मुदत ७ वर्षं. गाडी मनापासून आवडते, ती कुणाला भुलवण्यासाठी घेत नाहीये. पण घरी लग्नाचं बघणं सुरू आहे आणि डेटिंग ॲपवरही प्रोफाइल आहे. मित्रांपैकी काही म्हणतात मुलींची रांग लागेल, काही म्हणतात चांगली स्थळं बिचकतील. ऐकीव मतं पुष्कळ झाली. तीन गोष्टी कळल्या तर बरं: यावर काही अभ्यास झालेत का, पहिल्या भेटीला गाडी न्यायची तर काय सांभाळायचं, आणि लग्न ठरताना किंवा नंतर ही गाडी कुठे आडवी येते.

मोरपीस
अभ्यास झालेत. सगळ्यात उपयोगाचा २०११ मधला आहे, जिल संडी आणि सहकाऱ्यांचा, अमेरिकेतला. एकाच पुरुषाचं वर्णन दोन प्रकारे दिलं: एकात त्याने पोर्शे बॉक्सटर घेतली, दुसऱ्यात होंडा सिव्हिक. बाकी माणूस तोच. पोर्शेवाला डेटसाठी स्त्रियांना जास्त आवडला. लग्नाचा जोडीदार म्हणून विचारलं तेव्हा मात्र पोर्शेचा काहीही फायदा दिसला नाही. कारणही त्याच अभ्यासात आहे: असा दिखाऊ खर्च करणारा पुरुष थोड्या दिवसांच्या संबंधात रस असलेला असावा, असा अर्थ स्त्रियांनी लावला. म्हणजे लोक गाडीवरून तुमचा पैसा जोखतात तसा तुमचा हेतूही जोखतात. तुमचे दोन्ही मित्रगट वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

दुसरा २०१० चा, ब्रिटनमधला, मायकेल डन आणि रॉबर्ट सर्ल यांचा. तोच माणूस एकदा चंदेरी बेंटली कॉन्टिनेंटल जीटीत, एकदा लाल फोर्ड फिएस्टात बसवून फोटो काढले. बेंटलीतला पुरुष स्त्रियांना जास्त आकर्षक वाटला. उलट बाजूने, स्त्री कुठल्या गाडीत बसलीय याने पुरुषांच्या मतात फरक पडला नाही. स्वतःच्या पैशाने भारी गाडी घेणाऱ्या मुलींनी हे लक्षात ठेवावं: गाडीचा फायदा होईल ही आशा नको आणि तोटा होईल ही भीतीही नको.

तिसऱ्या अभ्यासाबद्दल फार कमी बोललं जातं. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात गॅड साद आणि जॉन व्हाँगस यांनी २००९ मध्ये ३९ तरुणांना पोर्शे ९११ कॅब्रिओले आणि एक जुनी टोयोटा कॅमरी चालवायला दिली आणि लाळेतलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन मोजलं. पोर्शे चालवताना ते वाढलं, गर्दीच्या रस्त्यावरही आणि जवळजवळ रिकाम्या महामार्गावरही. बघणारं कुणी नसतानाही चालवणाऱ्याच्या अंगात फरक पडतो. म्हणून माझं मत असं की नवी गाडी पहिले दोन-तीन महिने एकट्याने चालवावी, अंगवळणी पडू द्यावी, आणि मगच कुणाला शेजारी बसवावं.

एक मर्यादाही ध्यानात घ्या. पहिल्या दोन अभ्यासांत मोजली गेली ती अनोळखी माणसाची पहिली छाप, वर्णन वाचून किंवा फोटो बघून. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आईवडील, मामा, आत्या सगळे जोखत असतात. तिथे हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

प्रोफाइलबद्दल: गाडीचा फोटो पहिला टाकू नका. चौथा-पाचवा चालेल, तोही बॉनेटवर रेलून काढलेला नको. नंबर प्लेट झाकाच, कारण त्या नंबरावरून वाहन नोंदणीचा बराच तपशील कुणालाही काढता येतो.

डावी_सीट
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या सीटवरून देते, कारण छाप पडते ती तिथे.

आधी हे: पहिल्या भेटीला तिला घरून घ्यायला येतो असं सुचवूही नका. सार्वजनिक जागी भेटा, ती तिच्या वाहनाने येईल आणि तिच्याच वाहनाने परत जाईल. नंतर कधी ती गाडीत बसलीच तर तिने घरच्यांना लोकेशन पाठवणं हा तुमच्यावरचा अविश्वास नव्हे. दोन सीटची, आवाज करणारी, वेगवान गाडी आणि अनोळखी चालक यांत सावध राहणं अगदी रास्त आहे.

आता बसण्या-उतरण्याचं. या गाड्यांची सीट गुडघ्याच्या खाली असते. साडीत किंवा अरुंद कुर्त्यात आधी पाय आत टाकून बसायला गेलं की निऱ्या ओढल्या जातात आणि पदर दारात अडकतो. बरोबर क्रम असा: सीट पूर्ण मागे सरकवलेली, दार पूर्ण उघडं, पाठ गाडीकडे करून आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. उतरताना नेमकं उलट. सीट मागे सरकवण्याचं काम ती येण्याआधी करून ठेवा. ती अवघडलेली असताना सूचना देत उभे राहू नका.

दार. दोन दरवाजांच्या गाडीचं दार लांब असतं. नेहमीच्या अडीच मीटर रुंद पार्किंगमध्ये शेजारी दुसरी गाडी असली तर ते अर्धंच उघडतं आणि माणसाला तिरकं होऊन बाहेर पडावं लागतं. म्हणून तिला आधी उतरवा आणि मग गाडी लावा. निघतानाही आधी गाडी बाहेर काढा. तसंच फूटपाथला चिकटवून थांबू नका. आपल्याकडचे फूटपाथ उंच, त्यामुळे दाराची खालची कड फूटपाथवर घासते. रंग जातो तो जातोच, वर दार उघडणाऱ्या माणसाला उगाच अपराधी वाटतं. दीड-दोन फूट अंतर सोडा.

बोलता येणं ही सगळ्यात मोठी गोष्ट. एक्झॉस्टचा आवाज बटणाने कमी होत असेल तर कमीच ठेवा. सस्पेन्शन सगळ्यात मऊ, ड्राइव्ह मोड साधा. छत उघडणारी गाडी असेल तर ताशी ६०-७० च्या पुढे बोलणं ओरडून करावं लागतं आणि केसांची वाट लागते. छत उघडण्याआधी विचारा, आणि सीटमागची वाऱ्याची जाळी लावलेली असू द्या. दुपारच्या उन्हात उघडं छत दहा मिनिटांत नकोसं होतं.

घाटात मळमळ. ताम्हिणी किंवा वरंध घाट तुम्हाला आवडेल, पण शेजारच्याच्या हातात स्टिअरिंग नसतं. पुढच्या वळणाचा अंदाज त्याच्या शरीराला येत नाही, शिवाय सीट खाली असल्याने क्षितिज कमी दिसतं. वळणाआधी सरळ रस्त्यावरच हळूहळू ब्रेक लावा, वळणात एकसारखा वेग ठेवा, बाहेर पडताना पाय सावकाश दाबा. एसीची हवा चेहऱ्यावर येऊ द्या, अत्तराच्या बाटल्या गाडीत नकोत. ती बोलायची थांबली किंवा वारंवार आवंढा गिळायला लागली की थांबायची जागा शोधा. "काही होत नाही" या उत्तरावर पुढे रेटू नका.

आणि गाडीवर बोलणं दोन मिनिटांत आटपा. तिने विचारलं तर आणखी दोन मिनिटं. सिग्नलला मोबाइल काढून शूटिंग करणारी पोरं येतील, त्यांच्यासाठी इंजिन गुरगुरवू नका. तिथे तुम्ही कुणाकडे लक्ष देताय हे ती बघत असते.

हप्तेवार
तिसरा प्रश्न पैशाचा आहे. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण हप्त्याला असतं.

४० लाख, ९ टक्के, ७ वर्षं: हप्ता सुमारे ६४,३६० रुपये. एकूण फेड ५४ लाखांच्या वर, म्हणजे नुसतं व्याज १४ लाख. जुन्या गाडीला बँका नव्यापेक्षा जास्त दर लावतात, तेव्हा प्रत्यक्ष आकडा याहून वरच जाईल. हाच हप्ता ८.५ टक्क्यांच्या २० वर्षांच्या गृहकर्जात घातला तर साधारण ७४ लाखांचं कर्ज बसतं. लग्न ठरताना "फ्लॅटचं काय?" हा प्रश्न येतोच, आणि गृहकर्ज देणारी बँक चालू हप्ते वजा करूनच तुमची पात्रता काढते. मुलीचे वडील गाडी बघून बिचकले असं जे म्हणतात त्यामागे बहुतेक वेळा हे गणित असतं.

तीन वर्षांनी लग्न झालं असं धरा. तेव्हाही २५ लाख ८० हजारांच्या वर मुद्दल शिल्लक असेल. ही रक्कम दोघांच्या संसारावर येते, म्हणून साखरपुड्याआधी आकड्यासकट सांगा. आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव असतं, ते लपत नाही. लपवलेलं कर्ज नंतर कळणं हे गाडी असण्यापेक्षा कितीतरी वाईट.

विम्यात एक खड्डा आहे. ४ ते ५ वर्षं वयाच्या गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, काढताना ५० टक्के घसारा धरतात. त्या मॉडेलची शोरूम किंमत ९० लाख असेल तर आयडीव्ही ४५ लाख. तुम्ही मोजणार ६५. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बँकेचे ४० लाख वळते होतील आणि तुमच्या हातात पाचेक लाख उरतील. भरलेले २५ लाख जवळजवळ बुडाले. म्हणून सौदा करण्याआधी विमा कंपनीकडून आयडीव्हीचा आकडा लेखी घ्या. मालक-चालकाला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे, पण शेजारी बसणाऱ्यासाठी तो आपोआप मिळत नाही. तो वेगळा मागून घ्या, हप्ता अगदी किरकोळ असतो.

दोन सीटचा प्रश्न लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. जेजुरीला जोडपं जातं तेव्हा बरोबर आईवडील, करवली, ओटीचं सामान, सगळं असतं. घरात दुसरी चार-पाच सीटची गाडी असेल तर अडचण नाही. नसेल तर ६५ लाखांची गाडी दारात उभी आणि देवदर्शनाला भाड्याची, हे दृश्य सासरी-माहेरी दोन्हीकडे खटकतं. माझं स्पष्ट मत: दुसरी गाडी नसेल तर ४० लाखांचं कर्ज काढून ही घेऊ नका. कर्ज १५ लाखांवर आणता आलं तर बिनधास्त घ्या.

कोथरूड_कट्टा
मध्येच विचारतो. विकत घेण्याऐवजी दोन-तीन भेटींपुरती भाड्याने घेतली तर? एक ओळखीचा त्याची गाडी दिवसाच्या भाड्याने द्यायला तयार आहे.

हप्तेवार
ओळखीच्याची पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेऊ नका. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. स्वतः चालवायच्या अधिकृत भाड्याच्या गाडीला काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं असतात, त्यामुळे ती स्वतःची म्हणून खपवता येणार नाही. भाड्याची आहे हे सांगून मजेत फिरा, त्यात कमीपणा काहीच नाही. खोटं सांगून सुरू झालेली ओळख पहिल्याच देखभालीच्या गप्पांत उघडी पडते.

दोनदरवाजी
सगळ्यांचे आभार. कर्ज १५ लाखांवर आणायचं तर बजेट ४० ला येतं, म्हणजे आठ-नऊ वर्षं जुनी गाडी. वडिलांची हॅचबॅक घरात आहे, तेव्हा जेजुरीचा प्रश्न सुटला. दोन शंका उरल्या: सोसायटीत यांत्रिक स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवणारं, आणि गेटवर सिमेंटचा उंचवटा आहे. शिवाय एका गाडीला १८ इंची चाकं आहेत, दुसरीला २०. शेजारच्याच्या दृष्टीने कुठली?

घाटरस्ता
१८ इंची. टायरची कड जितकी उंच तितका धक्का कमी. १८ इंचीला ४५ चा टायर मिळतो, म्हणजे कडेची उंची टायरच्या रुंदीच्या ४५ टक्के, २० इंचीला बहुतेक ३५ किंवा ३०. त्या पातळ टायरला खड्ड्यात फुगा येतो आणि रिम वाकते. मग ताशी ८० ला स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि शेजारचा माणूस घाबरतो. हवा थंड टायरमध्ये भरा, दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यातल्या आकड्याइतकीच.

गेटवरचा उंचवटा आधी टेपने मोजा. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून जमिनीपासून १२-१३ सेंमी उंची असलेली गाडी हळू नेली तर सहज जाते. सोसायट्यांचे घरगुती उंचवटे फूटभर रुंद आणि १५ सेंमी उंच असतात, तिथे पोट घासतं. तिरकं जा, एकेक चाक चढवा. तरीही घासत असेल तर सोसायटीला अर्ज करून उतार वाढवून घ्या. शेजारी माणूस असताना गाडी आणखी बसते, म्हणून चाचणी दोघं बसून करा.

स्टॅक पार्किंगमध्ये तीन मापं तपासा: पॅलेटची, म्हणजे गाडी ज्यावर उभी राहते त्या फळीची, आतली रुंदी, चढायच्या पट्टीचा कोन आणि वजनाची मर्यादा, जी पाटीवर लिहिलेली असते. रुंद टायरची रिम पॅलेटच्या उभ्या कडेला खरवडते. दोन्ही बाजूंना मिळून २० सेंमीपेक्षा कमी जागा उरत असेल तर खालची, जमिनीवरची जागा बदलून मागा. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर बॅटरीचा छोटा चार्जर लावून ठेवा. आठ-नऊ वर्षं जुन्या गाडीत हे विसरलं की नेमकी भेटीच्या दिवशी ती सुरू होत नाही.

बाहेरून बसवलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर असेल तर विकणाऱ्याकडून मूळचा मागून घ्या आणि रजिस्ट्रेशन नावावर करण्याआधी तोच बसवा. दंड होतो तो वेगळा, पण रात्री अकराला तिच्या इमारतीखाली तो आवाज गेला की दुसऱ्या दिवशी उत्तरं तिला द्यावी लागतात.